कपाटातला स्टुडिओ

आमच्या घरात किस्से साठतात. मी काही ते जमवायला बसले नव्हते. नवऱ्यानं एक माइक आणला, त्याच्या मागं माणसं आली आणि जाताना प्रत्येकजण काही ना काही टाकून गेला. कोण रुमाल विसरलं, कोण चपला बदलून गेलं, पण किस्सा मात्र प्रत्येकानं ठेवला! आता शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी नुसतं विचारलं, "काय बाई, स्टुडिओ कसा चाललाय?" की मी एक सांगायला घेते, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि पुढच्या तासाची घंटा होऊन जाते.

नवऱ्याचं नाव विलास. सासूबाईंसमोर मी नाव घेत नाही, पण इथं प्रत्येक वेळी 'आमचे हे' लिहीत बसले तर तुम्ही वैतागाल. विलास एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. मी मराठी शाळेत शिकवते. घर कंग्राळीच्या कडेला. पुढच्या खिडकीतून बेळगावची बस दिसते, मागच्या खिडकीतून भाताची शेतं. विलासला गाता येत नाही. पण गाणाऱ्याला पकडता येतं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं एक माइक, एक जुना लॅपटॉप आणि कानाला गच्च बसणारे हेडफोन एवढाच संसार मांडला. बाकी सगळा खर्च त्यानं माझ्या संसारातून भागवला.

कसा, ते सांगते.

* * *

माइक आला त्या रविवारी विलास घरभर टाळ्या वाजवत फिरत होता. हॉलमध्ये टाळी, स्वयंपाकघरात टाळी, न्हाणीघरात टाळी. टाळी मारायची आणि कान देऊन थांबायचं.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "उंदीर हाय काय रं?"

"नाही आई, टाळी मरते कुठं ते बघतोय."

सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी खांदे उडवले.

मग त्यानं समजावून सांगितलं. मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. मोठ्या स्टुडिओत भिंतींना जाड गाद्या लावतात. आपल्याला ते परवडणार नाही, तेव्हा घरात अशी जागा शोधायची, जिथं टाळी वाजली की लगेच मेली पाहिजे.

टाळी मेली ती माझ्या कपाटासमोर! दोन्ही दारं उघडी, आत साड्या ओळीनं लटकलेल्या. विलासनं टाळी मारली आणि साड्यांनी ती गिळून टाकली. ढेकरसुद्धा दिली नाही.

"हाच आपला स्टुडिओ!" विलास ओरडला. "सुती आणि इरकली फार छान काम करतात. इतक्याच आहेत?"

लग्नापासून हा माणूस 'एवढ्या साड्या कशाला?' म्हणत आलाय. मी शांतपणे म्हटलं, "कमी पडतात का?"

"जाड अशा आणखी चार-पाच असत्या तर..."

संध्याकाळी आम्ही गणपत गल्लीत. मी साड्या बघतेय, आणि नवरा दुकानात प्रत्येक साडीपुढं उभा राहून टाळ्या वाजवतोय!

* * *

आमचा पहिला गायक म्हणजे पायगोंडा अण्णा. विलासचा कॉलेजातला मित्र. निपाणीजवळ त्यांची शेती आहे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही सारखंच चालतं. अण्णाच्या आईला अलीकडं अंथरुणातून उठवत नाही. जन्मभर रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन पार्श्वनाथांचं दर्शन घेणारी बाई, आता भिंतीकडं तोंड करून पडून असते. तिला तिच्या आवडीचं स्तवन रोज ऐकवावं, तेही घरच्याच आवाजात, असं अण्णाच्या मनात आलं.

अण्णाचा आवाज भरदार. कपाटासमोर उभा राहिला, डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं. विलासनं पहिलीच ओळ ऐकली आणि कानावरचे हेडफोन फेकून दिले!

झालं असं की 'प' म्हणताना तोंडातून वारा सुटतो. समोर माणूस असला तर त्याला काही कळत नाही. माइकवर मात्र तो आदळतो आणि ऐकताना कुणी तरी दार आपटल्यासारखं वाटतं. अण्णाच्या स्तवनात पार्श्वप्रभू, पतितपावन, पापहारी, पुण्यदाता! ओळभर दारं आपटत होती.

"अण्णा, दुसरं एखादं स्तवन येतं का?" विलासनं विचारलं. "महावीरांचं म्हण की. 'म'ला काही त्रास नाही."

अण्णा विचारात पडला. "न्हाय रं. आईचे पार्श्वनाथ हाईत. माइकला सोसंना म्हणून देव बदलायचा व्हय?"

देव तोच राहिला. माइकपुढं जाळी लागते, ती विकतही मिळते, पण विलासनं माझं भरतकामाचं सामान काढलं. लाकडी रिंगमध्ये मलमलीचं कापड ताणलेलं होतं आणि त्यावर मी कधीकाळी घातलेला अर्धा पोपट. ती रिंग त्यानं टेबललॅम्पच्या दांड्याला बांधून माइकसमोर उभी केली. वारा पोपटानं अडवला, आवाज पलीकडं गेला.

अण्णा गाताना मधेच थांबला. "वैनी, ह्यो एका डोळ्यानं बघतोय माझ्याकडं."

"दुसरा डोळा घालायचा राहिलाय, अण्णा. तुम्ही गा."

रेकॉर्डिंग छान झालं. विलासनं थोडा घुमारा दिला, मागं तंबोरा लावला. अण्णा ते मोबाइलमध्ये घेऊन निपाणीला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तो मी उचलला.

"वैनी, आई ऐकली."

"मग? काय म्हणाल्या?"

"डोळं मिटून सगळं ऐकली. डोळ्यातनं पाणी काढली. मग मला म्हटली, 'लई गोड म्हणतोय रं ह्यो. कोण हाय कुणास ठाऊक! आपल्या पायगोंडाला असं यायला पायजे हुतं.'"

* * *

रेकॉर्डिंग चालू असलं की घरात पंखा बंद. मिक्सर बंद. फ्रीजचा प्लग काढलेला. लॅपटॉपच्या पोटातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, म्हणून लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उशांच्या आडोशाला. एकदा विलासनं सासूबाईंना सांगितलं, "आई, तासभर कुकर लावू नकोस."

"मग भात काय गाणं ऐकून शिजतोय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून रेकॉर्डिंगची वेळ भाताच्या वेळेवरून ठरते.

पण कुकर आपल्या हातात असतो. नळ नसतो.

गावातलं भजनी मंडळ आलं होतं. पुढारी परशुआप्पा. विलासचा बेत होता की एकेकानं वेगवेगळं गायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळे आवाज एकत्र करायचे. परशुआप्पांनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "एकट्यानं म्हटलं तर त्याला भजन म्हंत्यात व्हय?"

मग सगळे एकदम आत. पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर. टाळ, पखवाज आणि दोन्ही दारं उघडलेलं माझं कपाट. खिडक्या बंद, पंखा बंद. भजन मात्र असं रंगलं की दारात उभ्या उभ्या माझीही मान डोलायला लागली. परशुआप्पांचे डोळे मिटलेले. विलासनं मला अंगठा दाखवला. शेवटचं 'विठ्ठल विठ्ठल' सुरू झालं.

आणि बाहेरून बोळातली एक बाई ओरडली, "पाणी आलं!"

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा कुठल्याही वेळी येतं आणि कधी जाईल त्याचा भरवसा नसतो. त्यामुळं ही हाक कानावर पडली की पाय आपोआप उठतात. मंडळातला एक उठला. मग टाळवाला उठला. मग आणखी दोघं. गात गातच उठले, मागं वळून नमस्कार केला आणि पळाले. आपण दुसऱ्याच्या घरी आलोय आणि आपलं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे त्यांना बोळात गेल्यावर आठवलं असावं.

शेवटी खोलीत एकटे परशुआप्पा डोळे मिटून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत होते. ते थांबले, डोळे उघडले आणि रिकाम्या पलंगाकडं बघून म्हणाले, "सगळी वर गेली काय रं?"

पण खरी गंमत पुढं झाली. विलासनं ते भजन पुण्याच्या एका मित्राला पाठवलं. तो मोठ्या स्टुडिओत काम करतो. त्याचा फोन आला, "विलास, बाकी सगळं ठीकठाक आहे. पण तो शेवट! एकेक आवाज हळूहळू विरत जातो आणि एकच उरतो. अंगावर काटा आला यार. कसं सुचलं तुला?"

विलास म्हणाला, "पाणी आलं होतं."

मित्रानं तो शेवट परत एकदा लावून ऐकला. मग म्हणाला, "व्वा!"

* * *

सुलभाताई टिळकवाडीतल्या. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मंगलाष्टकं आपल्याच आवाजात वाजली पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. बाई सुस्वभावी, घरी आल्या की सासूबाईंशी तासभर गप्पा मारतात. फक्त सुराशी त्यांचं जमत नाही. एक सूर वर, एक खाली, आणि तिसरा शेजारच्या घरात.

पण हल्ली कॉम्प्युटरवर सुटलेला सूर ओढून जागेवर आणता येतो. विलास रोज कॉलेजातून आला की हेडफोन लावून बसायचा. 'शुभमंगल'मधला 'शु' वर उचलायचा, 'भ' खाली दाबायचा. 'सावधान'वर तो दोन संध्याकाळी अडकून पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "लेकाचं लग्न जमवायला त्या बाईनं इतकी मेहनत घेतली नसंल!"

मंगलाष्टकं तयार झाली. सुलभाताईंनी हेडफोन लावले, शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि आम्हाला म्हणाल्या, "मी नेहमी सांगते, गळा हा उपजतच असावा लागतो."

विलास म्हणाला, "खरंय."

लग्नाला आम्ही गेलो. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, सगळे कान टवकारून उभे. आणि नेमकी लाइट गेली! कार्यालयाचा जनरेटर सुरू होईना. मुहूर्त तर थांबत नाही. एवढ्यात कुणी तरी उत्साही मावशी म्हणाली, "अगं, रेकॉर्डिंग कशाला हवं? गाणारी इथंच उभी आहे की! सुलभा, म्हण!"

आणि सुलभाताईंनी म्हटली. सगळीच्या सगळी.

मी विलासकडं बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही. नवरदेव अंतरपाटाच्या मागं खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं लाजतोय.

जेवणाच्या पंगतीत सुलभाताई स्वतः आमच्याकडं आल्या. चेहरा पडलेला. मला वाटलं, आता विलासचं काही खरं नाही. त्या त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "तुमच्या माइकमध्ये काहीतरी विशेष आहे हो. त्याच्याशिवाय माझा आवाज खुलतच नाही!"

अजून टिळकवाडीतून बायकांचे फोन येतात. "तो सुलभाचा माइक तुमच्याकडंच आहे ना?"

* * *

एका साडीच्या दुकानदाराला सेलची जाहिरात करायची होती. रिक्षाला भोंगा लावून गावोगाव फिरवायची. मराठी जाहिरात मी वाचली. कानडी आमच्या शेजारच्या महादेवीनं वाचली. माझं "या, या, या!" आणि तिचं "बन्नी, बन्नी, बन्नी!" दुकानदार खूश. एक रिक्षा खानापूरच्या बाजूला जाणार, तिकडं मराठी. दुसरी बैलहोंगलच्या बाजूला, तिकडं कानडी.

दुपारी विलास लॅपटॉप बघता बघता पांढरा पडला. फायली उलट्या गेल्या होत्या! मराठी गावांत महादेवी "बन्नी" म्हणत फिरत होती आणि कानडी गावांत मी "या" म्हणत.

तुम्ही या भागातले नसाल तर तुम्हाला ह्यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, अक्षरं केवढी, यावरून माणसं रस्त्यावर येतात. विलासच्या डोळ्यांपुढं फुटलेल्या काचा दिसायला लागल्या. महादेवी म्हणाली, "मी माहेरी जाऊन येऊ काय थोडे दिवस?"

संध्याकाळी विलास हिंमत करून दुकानात गेला. मीही गेले, एकट्यानं मार खायला नको म्हणून. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खानापूरकडच्या बायका, बैलहोंगलकडच्या बायका, सगळ्या एकाच साडीचं एकेक टोक धरून ओढत होत्या. दर ठरवणं मराठीत, तोंड मुरडणं कानडीत.

विलासनं मालकाला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. मालक हसायला लागला. "सर, सीरे म्हणजे साडी हे इथं कुठल्या बाईला कळत न्हाय? डिस्काउंट तर दोन्हीकडं डिस्काउंटच! मधलं कोण ऐकतंय?"

आम्ही सुटलो. पुढच्या सेलच्या वेळी मालकाचा परत फोन. जाहिरात तीच, आवाज तेच.

"आणि सर," फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ह्या खेपेलापण उलटंच पाठवा."

* * *

पायगोंडा अण्णा परत आला, तो आईच्याच हुकमानं. 'त्या गोड गळ्याच्या माणसाकडनं आणखी एक म्हणवून घे,' असं तिनं सांगितलं होतं. 'तो माणूस मीच,' हे अण्णानं तिला पुन्हा पुन्हा सांगून बघितलं. ती म्हणाली, "चेष्टा करू नकोस म्हातारीची."

त्या दिवशी अण्णा गप्प गप्प होता. आईचं खाणं कमी झालं होतं. चहासुद्धा नको म्हणाला. उभा राहिला आणि गायला लागला.

मी पुष्कळ गाणी ऐकलीत त्या कपाटासमोर. तसं एकही नाही. आवाज मोठा नव्हता. एका ठिकाणी तर तो फुटला, आणि तिथंच तो सगळ्यात चांगला लागला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पिठाचा गोळा तसाच. गाणं संपलं.

मग विलासनं लॅपटॉपकडं बघितलं. मी विलासकडं बघितलं. लाल बटण लाल झालेलंच नव्हतं.

"अण्णा," विलासनं घसा साफ केला, "फारच सुंदर. आता एक... सेफ्टीसाठी म्हणून परत घेऊया का?"

अण्णानं त्याच्याकडं नीट बघितलं. "चालू केला न्हवतास व्हय?"

विलासनं मान खाली घातली. मला वाटलं, आता काय होतंय. निपाणीहून आलेला माणूस, आई अंथरुणावर, आणि ह्यानं बटण दाबलं नाही! मीच दोन शब्द सुनावणार होते.

अण्णानं डोळे पुसले आणि हसला. "म्हणजे आत्ताचं फक्त त्यानंच ऐकलं म्हणायचं." त्यानं बोट वर केलं. "बरं झालं. आता आईसाठी म्हणतो. तिला जरा मोठ्यानं लागतंय."

* * *

आता गुरुजींचं सांगते.

काकतीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. शुद्ध बोलण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आजही त्यांच्यासमोर 'पाणी' म्हणताना 'ण' चाचपून बघतो. एका सकाळी ते रिक्षातून आमच्या दारात उतरले. सोबत काकू, हातात गुरुजींचा मफलर आणि गोळ्यांची डबी.

"एक सूचना ध्वनिमुद्रित करायची आहे," गुरुजी म्हणाले.

"कसली सूचना, गुरुजी?"

"माझ्या निधनाची."

विलास माइकच्या वायरला अडखळला.

गुरुजींनी सविस्तर कारण सांगितलं. गावात कुणी गेलं की देवळातल्या भोंग्यावरून सांगतात. सांगणारा माणूस एकच. लग्न, पूजा, हळदी-कुंकू, रेशन, सगळं तोच पुकारतो. मागच्या महिन्यात गुरुजींचे जुने सोबती वारले. त्या माणसानं नाव, गाव, वेळ सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी सवयीनं म्हणाला, "तरी सर्वांनी अंत्यविधीस अगत्यपूर्वक उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी!"

"मी तिथं उभा होतो," गुरुजी म्हणाले. "माझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही."

ते कपाटासमोर बसले, ताठ. कागद नव्हता, सगळं पाठ. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की..." तिथं थांबले. "विसर्ग नीट आला नाही. पुन्हा."

पुन्हा सुरू केलं. स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. "...यांचे अल्पशा आजाराने निधन झाले आहे."

विलासला राहवलं नाही. "गुरुजी, अल्पशाच कशावरून?"

"दीर्घ म्हटलं की लोक कसला, किती दिवस, विचारत बसतात. अल्प बरं."

आता वार राहिला. तो कुणाला माहीत असणार? गुरुजींनी त्याचाही विचार केला होता. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार त्यांनी वेगवेगळे म्हटले, म्हणजे वेळ आली की हवा तो जोडता येईल. मग सकाळी, दुपारी, सायंकाळी. मग त्यांनी हेडफोन लावून सगळं तपासलं.

"शनिवार जरा थकलेला वाटतोय," ते म्हणाले. "परत घेऊ."

शनिवार परत घेतला. रविवार त्यांचा फार उत्तम आला होता. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "रविवारच सोयीचा. सगळ्यांना सुट्टी असते."

काम संपलं. गुरुजी समाधानानं उठले आणि हॉलमध्ये सासूबाईंबरोबर चहाला बसले. काकू मात्र पलंगाच्या कडेवरून उठल्या नाहीत.

"माझं पण घ्या की थोडं," त्या विलासला म्हणाल्या.

"तुमचीपण सूचना का, काकू?"

"माझी कसली सूचना! माझ्या वेळंला तो भोंगेवाला काय म्हणायचं ते म्हणंल. मला काय ऐकायला येणार हाय?" त्या हसल्या. "हे ह्यांच्यासाठी. सकाळी लावून ठेवायला."

विलासनं माइक खाली केला, बटण दाबलं, लाल झालंय ते बघितलं. काकूंनी पदर सारखा केला, फोटोला बसतात तसा. माइककडं बघून त्या क्षणभर लाजल्या. मग रोजच्या आवाजात बोलायला लागल्या.

"अहो, उठलात काय? तोंड धुवा. चष्मा देवघरात राहिलाय तुमचा, कोनाड्यात बघा. दुधाखालचा गॅस बंद करा. आणि बाहेर जाताना दार नीट ओढून घ्या, नुसतं लोटू नका." त्या जरा थांबल्या. "गोळी घेतली काय?"

हॉलमधून गुरुजींचा आवाज आला, "घेतली गं! मघाशीच घेतली!"

विलासनं बटण बंद केलं. "काकू, मध्ये गुरुजींचा आवाज आलाय. परत घेऊया."

काकूंनी माइकवर हात ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "तसंच असू दे."